सानांगकेच्या तोंडून निसटलेलं नाव

सानांगके झाडावर चढायला लागला की बायका रताळी सोलायच्या थांबून वर बघत, असं तो स्वतःच सांगे. बघत होत्या हे खरं. चढण्याचं कौतुक होतं की सुटत चाललेल्या चड्डीचं, ते विचारायला कुणी गेलं नाही.

त्याला मुलगा झाला. आमच्या हुऑनच्या डोंगरात पहिल्या नातवाचं नाव आईचा बाप ठेवतो, आणि त्याआधी जावयाने त्याला झाडकांगारूचं मटण खाऊ घालायचं असतं. म्हणून सानांगके, सासरे गेबिंग आणि मेव्हणा होनेंग दोन कुत्रे घेऊन वरच्या रानात गेले. जावयाने सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

कुत्रे एका झाडाखाली भुंकायला लागले. वर वाळक्या शेवाळाच्या गोळ्यासारखं जनावर मान खाली घालून बसलं होतं. पाऊस चालू होता, पण त्याच्या पाठीवरचे केस असे उलटे वळलेले, की पाणी वळचणीवरून गळावं तसं गळून जात होतं. सानांगके मात्र हाडापर्यंत भिजला होता.

"दाजी, जपून. ते तुमच्यापेक्षा बरं चढतं," होनेंग खालून म्हणाला.

"त्याची नखं वाकडी, माझी अक्कल सरळ."

आकड्यासारखी नखं, खरखरीत तळवे, पैलवानासारखे दंड, तोल धरायला हातभर शेपूट. सानांगकेकडे यातलं काहीच नव्हतं. तरी तो पोचला. शेपूट मुठीत आलं आणि जनावराने सरळ खाली उडी टाकली. दहा माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या उंचीवरून ते पडलं, उठलं आणि कुत्र्यांच्या मधून निघून गेलं. हिसक्याने सानांगकेचा पाय सुटला. एका हाताने लोंबकळत तो ओरडला, "गेबिंग, धर मला! अरे गेबिंग!"

कुत्रेसुद्धा गप्प झाले, असं होनेंग सांगतो; त्याचं सगळंच खरं धरू नका. पण म्हाताऱ्याने पाठ फिरवली आणि तो उतार उतरून गेला, हे खरं.

सानांगके कसाबसा उतरून घरी आला, तेव्हा बायकोने, मोयांगने विचारलं, "बाबा कुठेत?"

सानांगके चुलीत लाकडं सारायला लागला.

"नाव घेतलंत?"

"दोनदा."

"एकदा घेतलं असतंत तर चुकून म्हणता आलं असतं. आता पोराला काय म्हणून हाक मारू, अहो?"

आठ दिवस तो डुकरांच्या कुंपणामागून मळ्यात जात होता. तिथेही बायका विचारायच्याच, "वरून कसं दिसतं हो आमचं गाव?" त्याचे कान तापायचे.

नवव्या दिवशी दंडाचा कोंबडा घेऊन तो सासऱ्याच्या दारात पाठमोरा बसला. मोयांग पोराला घेऊन आत गेली. म्हातारा जावयाशी बोललाच नाही, आपल्या बायकोला म्हणाला, "दारातल्याला सांग, झाडकांगारू उतरताना आधी शेपूट खाली सोडतो. हा जीभ सोडतो."

सासू हाताने तोंड झाकून हसली. सानांगकेला चिखलात शिरावंसं वाटलं.

म्हाताऱ्याने कोंबडा घेतला. मग नातू मांडीवर घेऊन त्याला निरखला आणि नाव ठेवलं: गेबिंग.

मोयांग आता दिवसभर त्या नावाने हाका मारते. पोरगं रांगायला लागलंय, सारखं चुलीकडे जातं. बाप नुसता "ए, ए" करतो, ते वळूनही बघत नाही. मग सगळ्या गावादेखत त्याला धावत जाऊन उचलावं लागतं.