झाड निजल्यावर

“हे लेकरू मुकं हाय का?”

“मुकं कशाचं! इंग्रजी शाळेतलं हाय म्हणं.”

“मंग बोलणं शाळेतच ठेवून आलं वाटतं.”

पुढे बसलेल्या बाया हसल्या. मी न ऐकल्यासारखं करून कडुलिंबाच्या खोडाला टेकून उभी राहिले. माझं कामच ते होतं.

हिंगोलीतल्या आम्हा आठ-दहा कॉलेजच्या मुलामुलींचं नाटक साखरा गावात चालू होतं. गोष्ट पन्नास वर्षांनंतरची. गावात एकच झाड उरलंय, इथं हा कडुलिंबच ते झाड, आणि तेही तोडायला माणूस आलाय. मी अजून न जन्मलेली मुलगी. सगळं नाटकभर गप्प उभं राहायचं आणि शेवटी एकच वाक्य म्हणायचं: ‘मी अजून जन्मले नाही. माझ्यासाठी तुम्ही काय राखून ठेवलं आहे?’

कळमनुरीत आणि शिरड शहापुरात ते माझ्या तोंडून फुटलंच नव्हतं. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण चार लोकांपुढे मराठी बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. त्यातून माझा आवाज बारीक. दोन्ही वेळा नाटक बसवणाऱ्या ताईंनी मागून वाक्य म्हणून वेळ मारून नेली. साखऱ्यात टेम्पोतून उतरताना मात्र त्या म्हणाल्या, “आज मी म्हणणार नाही. तू बोललीस तरच नाटक संपेल.” वाक्य मी इंग्रजी अक्षरांत चिठ्ठीवर लिहून ती ओढणीच्या टोकाला बांधली होती. गाठ घामानं ओली झाली होती.

हरभऱ्याची काढणी चालू होती. लोक शेतातून परतेपर्यंत थांबल्यामुळे नाटक उशिरा सुरू झालं आणि झाड तोडणारा झालेला मुलगा कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा दिवस मावळला होता. कुऱ्हाड पुठ्ठ्याची, वर चंदेरी कागद. त्यानं ती उगारली तशी मघाशी मला मुकं म्हणणारी म्हातारी पुढून ताडकन उठली आणि त्याच्या नि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली.

“दिवस बुडाला की रं. झाड निजलं आता. सकाळी ये.”

“आजी, नाटक आहे. कुऱ्हाड पुठ्ठ्याची आहे,” तो हळूच म्हणाला.

“असंल पुठ्ठ्याची. झाडाला अंधारात काय कळतंय?”

मला वाटलं, लोक आता हसतील. कुणी हसलं नाही. “बराबर हाय,” मागून एक म्हातारा म्हणाला. त्यानं बिडी विझवली. बायांनी लेकरांच्या तोंडावर हात ठेवले. त्या मुलानं कुऱ्हाड खाली ठेवली, तीही आवाज होऊ न देता.

मग मी वर पाहिलं. एवढा वेळ मी त्या झाडाला पाठ लावून उभी होते आणि ते पाहिलंच नव्हतं. कोवळी तांबूस पालवी काळी पडत चालली होती. साळुंक्यांचे थवे येऊन फांद्यांत शिरत होते. त्यांचा कलकलाट वाढत गेला, मग कमी होत होत एका क्षणी थांबला. दीड-दोनशे माणसं खाली बसली होती आणि वर एक झाड झोपत होतं. पाठीला खोड अजून कोमट लागत होतं. पन्नास वर्षांनंतरचं गाव आम्ही पुठ्ठ्यातून उभं करू पाहत होतो. ते इथं, या शांततेत, खरंच कुठंतरी जवळ असल्यासारखं वाटलं.

ताई समोरून माझ्याकडे बघत होत्या. नाटक तिथंच अडलं होतं. मी श्वास घेतला, तेवढ्यात म्हातारीनं माझं मनगट धरलं.

“बोलायचं हाय का तुला? बोल. पण हळू बोल, माय.”

हळू बोल, असं मला त्या नाटकात कुणीच कधी म्हटलं नव्हतं. मी गाठ सोडली नाही. चिठ्ठीतलं वाक्य आठवत होतं, पण ते तिला म्हणावंसं वाटेना. मी माझ्या आहे त्याच आवाजात बोलले, आणि शेवटच्या रांगेतला म्हाताराही मान वर करून ऐकत होता.

“आजी, मी अजून जन्मायची आहे. मी येईपर्यंत ह्याला असंच निजू द्याल का?”