तांदळात ठेवलेले बूट

माझा दादा महागड्या बुटांच्या हुबेहूब नकला जमवतो. सगळे पांढरेशुभ्र. घालत नाही, नुसते जपतो. आमच्या मुरबाडच्या दमट हवेत त्यांचे सोल पिवळे पडतील, याची त्याला सारखी धास्ती. ऊन लागू नये म्हणून त्याने खिडकीला काळा कागद चिकटवला. ओल लागू नये म्हणून काय केलं, ते मला एका सकाळी कळलं.

भात लावायला मी तांदळाच्या पिंपात हात घातला आणि बोटांना रबर लागलं. ओढून काढलं तर बूट. तांदळाला त्याच्या गोंदाचा उग्र वास येत होता.

"मोबाईल भिजला की तांदळातच ठेवतात ना?" दादा म्हणाला. "एकदापण पाय नाय घातला त्यात."

"मंग देव्हाऱ्यात ठेव की रे," आई म्हणाली. "तिथंपण कोरडंच हाय."

घरच्या शेतातले तांदूळ आईला टाकवेनात. तिने ते पुन्हापुन्हा धुतले आणि शिजवले. जेवताना घासाघासाला तो वास येत होता. आई खाली बघून जेवत होती, मी पाण्याबरोबर गिळत होते. दादाने पहिलाच घास नाकाशी नेऊन परत ठेवला.

"नाय गो जात, आई. घाण वास येतो."

तो हात धुऊन उठला आणि बूट उजेडात धरून पिवळेपणा शोधू लागला. आईने त्याचं ताट स्वतःपुढे ओढलं.