लव्हाळ्यातली वाट

"हळू बोला, निजलीया ती." वेदगंगेच्या वळणावर आलं की आप्पा ओठांवर बोट ठेवत, आणि काहिलीतला सगळा कलकलाट थांबे.

होय, काहीलच. आमच्या गावात होडी नव्हती. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असत, तेव्हा गूळ शिजवायची ती भलीमोठी काहील नदीत सोडत आणि माणसं तिच्यात उकिडवी बसून पलीकडे जात. मी शिकवायचो ती शाळा पलीकडे, त्यामुळे काहील वल्हवणाऱ्या आप्पांशी रोजची गाठ. तुम्ही तिच्यात बसला असता तर आधी देवाचा धावा केला असता, मग आप्पांचा.

वळणावर नदी पसरून मोठी दलदल झाली होती. तिच्यात पुरुषभर उंच लव्हाळा. निपाणीचा रस्ता त्याच्या पलीकडेच, तरी आप्पा लांबून वळसा घालत. तिथं वैरण कापताना त्यांची बायको पुरात गेली होती. देह सापडला नव्हता. आप्पा लांबूनच विचारत, "जेवलीस काय गं?"

मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "काय म्हणतात आक्का?"

"हसा की मास्तर. पर ऐकतीया ती." पुन्हा मी चेष्टा केली नाही.

त्या श्रावणात गावातली एक पोर अडली. सुईणीनं हात टेकले, म्हणून निपाणीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तिची आई आणि मी तिला धरून काहिलीत बसलो. वळणापर्यंत तिचं कण्हणंही थांबलं. वळसा घातला तर ती हाती लागणार नाही हे सगळ्यांना कळत होतं, पण आप्पांना ते सांगायचं कुणी?

आप्पांनी वल्हं थांबवलं. लव्हाळ्याकडे बघत हलकेच म्हणाले, "सरक गं जरा. पोरीचा जीव हाय." आणि वल्हं ठेवून बांबूनं काहील आत रेटली. बांबू चिखलात टेकला की दर वेळी त्यांचा चेहरा आक्रसत होता. पाणकोंबड्या फडफडत उठल्या.

पोर वाचली, मुलगा झाला. परतताना आप्पा त्याच वाटेनं आले. मध्येच थांबून त्यांनी बायकोला हाक मारली आणि बराच वेळ कान देऊन बसले.

"आत कोन बी न्हाय, मास्तर. नुसतं पानी हाय."

 

इतकी वर्षं त्यांनी बायकोचं क्रियाकर्म करू दिलं नव्हतं. ते त्याच आठवड्यात झालं. देह नाही, म्हणून भटजींनी दर्भाची बाहुली केली. आप्पांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. ते जरा फिसकटलं, तसं धोतराच्या सोग्यानं पुसून पुन्हा नीट लावलं, आणि मगच तिला अग्नी दिला.