सरी, अण्णा

बसवंत चौगुले यांच्या दुर्बिणीला कोणी हात लावायचा नाही, हा नियम बनशंकरी भागात सगळ्यांना ठाऊक होता. डोळा लावायचा, बघायचे आणि ‘सरी, अण्णा’ म्हणून बाजूला व्हायचे. सरी म्हणजे ठीक, कळले, झाले, पुढचा येऊ दे. कन्नडमधल्या या एका शब्दावर बंगळूरचा निम्मा व्यवहार उरकतो.

बसवंत मूळचे निपाणीकडचे. नोकरी यशवंतपूरच्या एका कारखान्यात, सेटर म्हणून झाली. लेथवर हत्यार सेटरने बसवायचे आणि ऑपरेटरने फक्त काम काढायचे. सेटिंगला ऑपरेटरचा हात लागला की माल वाया. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतः आरसा घासून दुर्बीण बनवली आणि तिलाही हीच शिस्त लावली. फोकसच्या नॉबवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असे. चष्मा काढून ते आधी स्वतः डोळा लावत, नॉब फिरवून शनी स्वच्छ करत, पट्टी आवळत आणि मग रांग पुढे सोडत. दिवाळीनंतर उद्यानाच्या मैदानात होणारे आकाशदर्शन म्हणजे मैदानाच्या मधोमध उभी असलेली ही दुर्बीण, असेच लोकांच्या मनात होते.

मग आकाशदर्शन मंडळात एचएसआर लेआउट या नव्या वसाहतीतली पुण्याची मंडळी आली. श्रीरंग आणि त्याची बायको सुखदा, दोघेही आयटीतले. श्रीरंगची दुर्बीण ग्रह आपोआप शोधून त्याचे चित्र पडद्यावर टाकायची. या वर्षी मधली जागा पडद्याला द्यावी, असे त्याने सुचवले. बसवंत यांनी विचारले, पडद्यावरच बघायचे तर घरचा टीव्ही काय वाईट आहे? बनशंकरीतल्या भाजीवालीनेसुद्धा शनीचे कडे स्वतःच्या डोळ्याने बघितले आहे, विचारा कोणालाही. शेवटी दोन्ही दुर्बिणी शेजारी लावायचे ठरले. ज्याची रांग मोठी, त्याला पुढच्या वर्षीपासून मधली जागा.

त्या संध्याकाळी बसवंत यांची रांग फाटकापर्यंत गेली. सुखदाही शिष्टाचार म्हणून त्यांच्याच रांगेत उभी राहिली. तिच्या मागे सोयराबाई होत्या, शेजारच्या गल्लीतल्या. त्या दरवर्षी येत. शनिदेव म्हणून चपला बाजूला काढत, हात जोडत आणि मग डोळा लावत.

सुखदाने डोळा लावला. समोर पिवळट, फुगलेला ठिपका होता. तिला नियम माहीत नव्हता. सवयीने तिचा हात नॉबवर गेला, पट्टी सरकली आणि नॉब फिरला. आता शार्प झालंय काका, असे सांगून ती बाजूला झाली. बसवंत काही बोलायच्या आत सोयराबाई वाकल्या होत्या.

त्या नेहमीप्रमाणे सरी म्हणाल्या नाहीत. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

“ह्याला कडं आहे की,” त्या म्हणाल्या. “अण्णा, हे औंदा नवीन बसवलं काय?”

रांगेत हशा पिकला. बसवंत यांनी चष्मा काढून डोळा लावला. त्यांना फक्त धूसर पुंजका दिसला. त्यांनी नॉब मागे फिरवला, कडे स्वच्छ दिसेपर्यंत फिरवत राहिले, पट्टी पुन्हा आवळली आणि पुढच्याला बोलावले. त्या गृहस्थांनी बघितले आणि म्हटले, “सरी, अण्णा.”

काय दिसले, असे बसवंत यांनी विचारले. हा प्रश्न त्यांनी आजवर कोणालाच विचारला नव्हता. शनी, गृहस्थ म्हणाले. कसा दिसला? गृहस्थांनी मागे वळून रांगेकडे बघितले आणि म्हणाले, छान.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारले. कस्तुराबाई दरवर्षी रांगेत पहिल्या असत.

“तुला कडं दिसतंय काय?”

“सुरवातीला दिसायचं. आता नुसता ठिपका.”

“कधीपासनं?”

“पवित्राच्या लग्नापासनं असंल.”

पवित्रा त्यांची मुलगी. तिचा मुलगा आता शाळेत जात होता.

“मग सरी का म्हणत होतीस?”

“मागं लाईन असायची,” कस्तुराबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी उलगडा केला. मोतीबिंदू पिकत गेला तसा चष्म्याचा नंबर वाढत गेला होता. चष्मा काढून लावलेला फोकस त्यांच्या एकट्याच्या डोळ्याला बसायचा, बाकी कोणाच्याच नाही. ऑपरेशन झाले. भेटायला आलेल्या नागराजने, मंडळाच्या सेक्रेटरीने, धीर द्यायला म्हणून सांगितले की मंडळात हे सगळ्यांना माहीत होते, कोणी मनावर घेतलेले नव्हते. मंडळात एखादी झेरॉक्स पुसट आली की तिला ‘अण्णांचा शनी’ म्हणायची पद्धत होती, हेही त्याच्या तोंडून निघून गेले. मला का सांगितले नाही, असे बसवंत यांनी विचारले. नागराज म्हणाला, सेटिंगला हात लावायचा नाही, असं तुम्हीच शिकवलंत की.

ऑपरेशननंतर बसवंत यांनी दुर्बीण बाहेर काढली नाही. ती जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली आहे.

रांग त्यांचीच मोठी होती, हे पुढच्या वर्षी कोणी काढले नाही. मैदानाच्या मधोमध पडदा लागला. मंडळाने बसवंत यांना शाल देऊन आणि डोक्यावर म्हैसुरी पेटा बांधून सत्कार केला, आणि श्रीरंगने त्यांना हाताला धरून सगळ्यांच्या आधी पडद्यासमोर नेले. शनी ताटाएवढा दिसत होता. कडे दोन भागांत, मधली काळी फटसुद्धा स्पष्ट. डोळा लावायला काही नव्हतेच.

“कसा वाटला, काका?” श्रीरंगने माइक पुढे केला.

“सरी,” बसवंत म्हणाले.

काकांना फार आवडले, असे श्रीरंगने माइकवर जाहीर केले. टाळ्या झाल्या. बसवंत बाजूला झाले. मागे रांग होती.