मागाच्या खडखडाटात विरलेला अल्बम

मित्रहो, दुपारपासून मन लागत नाही, म्हणून लिहितोय.

आपला इरफान, म्हणजे मागात सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याचं नाव घेतलेला रॅपर 'धोटा', इतकी वर्षं जोडीनं गायला. आज त्याचा पहिला एकट्याचा अल्बम आला. ज्या यंत्रमाग कारखान्यात तो वाढला, तिथं त्यानं तो जेवणाच्या सुट्टीत, माग बंद असताना ऐकवला.

पहिलं गाणं वडिलांवरचं. मराठी-दखनीची धारदार मिसळ आणि तो खणखणीत आवाज! मागावरची माणसं घरातही मोठ्यानंच बोलतात, तसा. अंगावर काटा आला.

पुढच्या गाण्यांतले शब्दही तितकेच ताकदीचे. पण गाणारा कुजबुजत होता.

जुने कामगार यल्लप्पाकाका म्हणाले, "का रं, घसा बसलाय व्हय तुझा?"

सगळे हसले. इरफानही हसला. "स्टुडिओत म्हणले काका, आता वय झालं, ओरडू नको."

सुट्टी संपली, माग सुरू झाले. अल्बम चालूच होता, पण एक शब्द ऐकू येईना. इरफाननं पुन्हा पहिलं गाणं लावलं. ते मात्र खडखडाट चिरून स्पष्ट आलं.

तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, "भाऊ, सगळी अशीच गायला पाहिजे होती की!"

सभा गाजवणारा मी, पण त्याची नुसती पाठ थोपटली. अल्बम तर लोकांपर्यंत गेलाय.

ज्या आवाजानं माणूस उभा राहिला, तोच आवाज त्याला दाबायला सांगणारे आपण कोण?