घरच्यापुरता प्रिंटर

मी भीमराज. जवळा बाजारला एका आडत दुकानात मुनीम आहे. सोयाबीन मुठीत घेतलं की ओल बराबर सांगतो, पण घरची वस्तू घ्यायची म्हटली की माझ्या डोक्याचा भुगा होतो. पावशेर वांगी निवडायला अर्धा बाजार उठेस्तोवर बसतो. पोरी बघून बघून तर चपला झिजल्या होत्या. शेवटी करुणानंच विचारलं, "पसंत हाय का न्हाई, आत्ताच सांगा. चहा गार होऊन राहिला." म्हणून तरी लग्न झालं, न्हाईतर अजून बघतच फिरलो असतो.

ती करुणा आता आमच्या गावची अंगणवाडी चालवते. यंदा अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसली. वयाच्या अटीत बसायची ही शेवटची संधी. अभ्यासाचं सगळं मोबाइलवर आलेलं अन् ती बारीक अक्षरं बघून तिचं डोकं ठणकायचं.

"एक लहानसा प्रिंटर आना वो," ती म्हणाली. "काळं-पांढरं छापलं तरी बास. मला कागदावर वाचायचंय."

दुसरा कुणी असता तर सांजच्याला घेऊन आला असता. मी व्हिडिओ बघायला बसलो. शाईचा घ्यावा तर न वापरता शाई वाळते, म्हणून पावडरवाला लेझर. मग वायफायचा का वायरचा? दोन्ही बाजूंनी छापणारा का एका? टेप घेऊन कपाट मोजलं, दार मोजलं. हिंगोलीचा दुकानदार माझा फोन उचलेनासा झाला.

"तुमचं ठरंस्तोवर मी रिटायर होते," करुणा म्हणाली. तेव्हा कुठं प्रिंटर आला, परीक्षेला आठवडा राहिलेला असताना.

आता आमच्याकडं रीत अशी की गल्लीत कुणाकडं नवं काही आलं की ते गल्लीचं. सटवाजीमामा सातबारा घेऊन आले, मदीनाबी नातवाचं आधार घेऊन. पाच दिवस रीघच लागली. नाही म्हणायची आमची जीभच नाही. अन् खरं सांगू? मला लई भारी वाटत होतं. "दोन्ही बाजूंनी निघतं बरं का मामा!" म्हणत मी एकच सातबारा दोनदा काढला. वर चहा पाजला. करुणा मोबाइल घेऊन उभी राहिली की मी म्हणायचो, "लोक थांबलेत ना. तुझं काय, घरचंच हाय."

परीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा घरच्याचा नंबर लागला. पहिलं पान फिकट निघालं, दुसरं त्याहून फिकट, तिसरं कोरं. दुसऱ्याच्या फोनवरून लावला तेव्हा दुकानदार म्हणाला, "नव्या मशीनमधी पावडर थोडीच राहते, खोक्यावर लिहिलंय की. नवी यायला चार दिवस लागतील." मी कपाट मोजलं, खोकं वाचलं नाही! बाजारात झेरॉक्सवाल्याकडं पळालो, तर तो लेकीच्या लग्नाला गेलेला, शटर बंद.

माझ्यापायी बाई नापास होणार, असंच वाटलं. करुणानं मोबाइल माझ्या हातात दिला, डोळे मिटले अन् भिंतीला टेकून बसली.

"वाचा. मी ऐकते."

"आधी काय घेऊ? पोषण का लसीकरण? तसं पाहिलं तर..."

"आवो, निवडू नका! पहिल्या पानापासून वाचा!"

वाचत गेलो. ती मधेच थांबवायची, पाठ म्हणायची, पुन्हा "हं" म्हणायची. माझा घसा बसला, पण मोबाइल खाली ठेवायची हिंमत झाली नाही.

निकाल लागला अन् करुणा पास झाली. पेढे घ्यायला गल्ली जमली. मदीनाबी प्रिंटरवर हात फिरवून म्हणाली, "मशीन बरकतवालं निघालं गं बाई!"

मी खाली मान घातली. आता ही सगळं सांगणार, अन् सांगायचा तिला हक्कच होता.

करुणानं माझ्याकडं एकदा पाहिलं अन् पदर सावरत म्हणाली, "व्हय तर. आमच्या ह्यांनी निवडून आनलंय."