कर्णिक साहेबांचे पोलीस

टीव्ही बघताना कर्णिक साहेब बूट काढत नसत. ऑफिसातून आले की सोफ्याच्या कडेला ताठ बसायचे आणि एक जुनी ब्रिटिश पोलीस मालिका लावायचे. मी एकदा बुटांबद्दल विचारलं, तर म्हणाले, "समोरची माणसं ड्युटीवर आहेत. आपण पाय पसरून बसणं बरं दिसत नाही."

ते आमच्या बांधकाम कंपनीत एचआर मॅनेजर होते, मी त्यांची असिस्टंट. दुबईत अल कुसैसला आमची बिल्डिंगही एकच. त्यांच्या पत्नी सुमतीताई नाशिकला शाळेत शिकवायच्या, त्यामुळे ते एकटेच राहत. गुरुवारी संध्याकाळी मी पोळीभाजीचा डबा घेऊन जायची, माझी मुलगी रेवा मागोमाग यायची, आणि आम्ही थोडा वेळ तिथंच टेकायचो. मालिकेत तपकिरी गाड्या, ओले रस्ते, रंग उडालेलं पोलीस स्टेशन आणि सिगरेटचा धूर. साहेब मालिकेचं नाव घेत नसत. 'आपले पोलीस' म्हणत.

"अंकल, व्हाय इज एव्हरीवन सो टायर्ड?" रेवानं एकदा विचारलं.

"बिकॉज दे आर वर्किंग, बाळा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आपल्या सिनेमात गुन्हेगार सापडला की सगळे खूश. इथं सापडला की इन्स्पेक्टर पायऱ्यांवर जाऊन बसतो. कारण सापडलेला माणूसही त्याच्यासारखाच दमलेला असतो. आणि बघ, हे लोक दारं ठोठावतात तेही पूर्ण दाखवतात. एक दार, दुसरं दार, कुणाला काही माहीत नाही. खरं काम असंच असतं, हबीबी."

मग दोन हजार आठ संपता संपता मंदी आली. आमचे टॉवर अर्धवट थांबले, क्रेन नुसत्याच उभ्या राहिल्या. माणसं कमी करायची पत्रं आमच्या टेबलावरून जायची. ईमेल करा, असं वरून सांगितलं होतं. साहेब प्रत्येकाला बोलावून, समोर बसवून सांगायचे. इंजिनिअर असो की मजूर, आधी चहा यायचा. संध्याकाळी मी डबा द्यायला गेले की आवाज अगदी बारीक करून मालिका चालू असायची. जेवण बहुतेक तसंच राहायचं.

त्या दिवसांत राजापूरकडच्या एका बाईचा ऑफिसात फोन आला. मीच उचलला. "बाई, विमान आलं, आमचा माणूस नाय आला." तिचा नवरा दत्ताराम आमच्याकडे सळया बांधायच्या कामावर होता. त्याला पत्र दिलं होतं, तिकीट दिलं होतं, मजुरांच्या कॅम्पच्या बसनं विमानतळावर सोडलंही होतं. तो विमानात चढलाच नव्हता.

सरकारी कागदपत्रं बघणारा आमचा माणूस म्हणाला, "सर, फरार की रिपोर्ट डाल देते हैं, खलास." तशी नोंद झाली असती तर दत्ताराम सापडताच आत गेला असता, आणि पुन्हा या देशात पाऊल ठेवू शकला नसता. साहेबांनी त्या माणसाला थांबवलं. "फरार म्हणजे पळालेला," ते मला म्हणाले. "हा पळाला नसेल. कुठंतरी बसला असेल."

कॅम्पमधल्या कुणीतरी शारजाचं नाव घेतलं होतं. मग साहेब सुट्टीच्या दिवशी शारजाच्या औद्योगिक भागात जायला लागले. दत्तारामच्या बायकोशी फोनवर मी बोलत होते म्हणून मीही जायची. गॅरेजमागून गॅरेज. फाइलमधला फोटो पुढे करून साहेब तोच प्रश्न तेवढ्याच शांतपणे विचारायचे. ऊन, ग्रीसचा वास, आणि सगळीकडे नकार. मी वैतागले की म्हणायचे, "पुढचं दार."

तो सापडला एका रेडिएटर दुरुस्तीच्या शेडमागे. आम्हाला बघून पळाला नाही. हातातला ब्रश खाली ठेवून भिंतीला टेकून बसला. साहेब त्याच्याशेजारी जमिनीवरच बसले.

"साहेब, बहिणीचं लग्न ठरलंय," तो म्हणाला. "भाऊ दुबईला हाय, ह्यावर ठरलंय. लग्न होईस्तोवर तरी मला हितं राहू द्या."

"कंपनी आज ना उद्या रिपोर्ट टाकणार, दत्ताराम. मग लग्नाच्या दिवशी तू जेलमध्ये असशील."

साहेबांनी आपला मोबाइल त्याच्या हातात दिला. "जिवंत आहेस, एवढं सांग. बाकी नंतर."

त्यानं घरचा नंबर लावला. मग बायकोचा आवाज मलाही ऐकू आला, "जेवलात काय?" तेव्हा तो रडला.

त्या आठवड्यात साहेबांनी स्वतः त्याला विमानतळावर सोडलं, मीही बरोबर होते. परत येताना गाडी पार्किंगमध्येच उभी ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, "झालं ना सर, सुटला तो." ते म्हणाले, "बघू या."

पुढच्या महिन्यात त्याच बाईचा फोन आला. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं होतं. तिनं कुणाला दोष दिला नाही, नुसतं कळवलं. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढची फाइल उघडली.

वर्षभरात त्यांचंही पत्र निघालं, आणि ते द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी पत्र धरून त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. शेवटी त्यांनीच ते हातातून घेतलं, सही केली आणि म्हणाले, "तू रेवाला शाळेतून आणायला जा. उशीर होईल."

बऱ्याच वर्षांनी सुट्टीत नाशिकला गेले तेव्हा त्यांना भेटले. बायपास झाली होती, शर्ट अंगावर लोंबत होता. बोलता बोलता म्हणाले, "मी राजापूरला जाऊन आलो." सुमतीताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "डॉक्टर नको म्हणाले होते. एसटीनं गेले."

"दत्ताराम जांभ्याची घरं बांधतो," साहेब म्हणाले. "बरं चाललंय त्याचं. बहीण घरीच असते. लग्न पुढे जमलं नाही. तिनंच जेवायला वाढलं. मी कोण ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्यांदा भात हवा का, विचारलं. मी घेतला."

"तुम्ही तिला काही बोललात? माफी वगैरे?"

"नाही गं. मागितली असती तर तिला द्यावी लागली असती. घरी आलेल्या म्हाताऱ्याला नाही कसं म्हणणार ती?"

चहा होईपर्यंत ते खुर्चीतच झोपले. सुमतीताईंनी पंखा कमी केला, आणि त्या मला हळूच म्हणाल्या, "राजापूरहून आल्यापासून झोपतात बाई." पावसाळ्याच्या तोंडावर ते गेल्याचं मला दुबईत कळलं.